न धुतलेली गाडी

आमच्या गावात धुतलेल्या गाडीला मान आहे. वाळवंटात दिवसभर हुंदडून आलं की आधी अंघोळ गाडीची, मग माणसाची. आणि दुसऱ्याच्या वर्कशॉपमध्ये मळकी गाडी नेणं म्हणजे चिखलाच्या बुटांनी कुणाच्या बैठकीत शिरणं. माझ्या दाराशी असा कुणी उगवला की मी हातातला पाना खाली ठेवतो आणि रस्त्यापलीकडच्या गाड्या धुण्याच्या जागेकडे बोट दाखवतो. लोक मला खडूस म्हणतात. म्हणू देत.

ऑर्व्हल टिबेट्सला मात्र मला कधीच बोट दाखवावं लागलं नाही. हा काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, नोकरीत ग्रेडर चालवायचा, मातीचे रस्ते सपाट करणारं ते लांबलचक पिवळं यंत्र. आमच्या भागात असा एक कच्चा रस्ता नसेल, ज्याच्यावरून त्याचं पातं फिरलं नाही. स्वभावही तसाच झाला होता. कुठे उंचवटा म्हणून राहू द्यायचा नाही. जेवताना वादाला तोंड फुटलं की हा गुपचूप उठणार आणि बेसिनपाशी जाऊन ताटल्या विसळायला लागणार. त्याची बायको जनीन वैतागून म्हणायची, "ह्याच्याशी भांडायचं म्हणजे नळाशी भांडायचं."

आणि ह्या सपाट माणसाची एकुलती एक मुलगी शेली. तिला सपाट काही चालायचंच नाही. शाळेत असल्यापासून वाळवंटातल्या मोटरसायकलच्या शर्यती पळायची, दगडधोंड्यांतून, कोरड्या ओढ्यांतून, पोरांच्या नाकावर टिच्चून. "डॅडी, तू सगळं गुळगुळीत करून ठेवतोस, मी उडी मारू कुठून?" असं त्याला चिडवायची. दर शर्यतीला तो तिची नारिंगी गाडी पिकअपमध्ये घालून न्यायचा आणि घडीच्या खुर्चीत बसून क्षितिजावरची धूळ बघत राहायचा.

ऑर्व्हलकडे स्वतःची मोटरसायकल होती, पण ती हायवेची, म्हशीसारखी जड. वाळूत घातली की रुतलीच. शेलीची गाडी शर्यतीची. तिला ना दिवा, ना हॉर्न, ना आरसा. डांबरी रस्त्यावर आणली तर पोलीस पकडणार. त्यामुळे सगळा जन्म गाड्यांत काढूनही बापलेक शेजारी शेजारी असे कधी चाललेच नाहीत.

"शर्यती सोडल्या ना, की हिला दिवे लावून नंबर घेणार मी," ती माझ्या दुकानात बसून सांगायची. "मग हायवेने थेट तलावापर्यंत. डॅडी पुढे, मी मागे."

"तोवर मी म्हातारा होईन," ऑर्व्हल म्हणायचा.

"म्हणजे आत्ता नाहीस? मर्लकाका, ऐकलंत का?"

शेवटची शर्यत तिने वसंतात केली. आमच्याकडे पाऊस पडतच नाही म्हटलं तरी चालेल, पण त्या दिवशी नेमका आला आणि लाल माती गोंदासारखी झाली. निम्मे लोक चिखलात अडकून माघारी फिरले. शेली शेवटपर्यंत गेली. घरी आली तेव्हा तिची पाठ दुखत होती. "गाडी उद्या धुते," एवढं म्हणून ती झोपली. त्या घरात मळकी गाडी रात्रभर राहिली ती तेव्हा पहिल्यांदा. पाठीचं दुखणं गाडीवरून पडल्यामुळे असेल असं सगळ्यांना वाटलं. ते पडल्यामुळे नव्हतं. पानगळ लागायच्या आत शेली गेली. गावच्या रीतीप्रमाणे प्रत्येक घरातून चीज घातलेल्या बटाट्यांचे ट्रे आले, आणि जनीनने ते एकेक करून न खाता रिकामे केले.

पुढच्या वर्षी ऑर्व्हल माझ्याकडे आला. "मर्ल, शेलीच्या गाडीला रस्त्याचा नंबर लावायचाय. तलावापर्यंत जायचंय."

"डोकं फिरलंय का तुझं?" मी म्हणालो. मी असाच बोलतो. "अरे, ती शर्यतीची गाडी. बॅटरी नाही. इंजिनातून दिव्यापुरतीसुद्धा वीज निघत नाही, ती कॉइल बदलावी लागेल. गिअर सगळे जवळजवळ, हायवेवर नुसती किंचाळेल. आणि सीट केवढी उंच! सिग्नलला थांबलास तर पाय टेकणार नाही, आडवा होशील. रस्त्यासाठी गाडी निवडायची तर अशी निवडतात का? ती बघ कोपऱ्यात."

कोपऱ्यात एक निळी गाडी विकायला होती. रानवाटांची, बुटकी, शांत इंजिनाची, बटण दाबलं की सुरू होणारी. दिवा तर कंपनीचाच होता. आरसे, हॉर्न आणि रस्त्याचे टायर घातले की झालं काम. ऑर्व्हल तिच्यावर बसला. दोन्ही पाय जमिनीला टेकले.

"चांगली आहे," तो म्हणाला. "पण तिची नाही."

मी त्याच्या घरी जेवायला गेलो तेव्हा हाच विषय निघाला. जनीन शांतपणे सगळ्यांना वाढत होती. म्हणाली, "मर्लकडची निळी घे. हवं तर तसल्या दहा घे. त्या गाडीला हात लावायचा नाही. तिने ठेवली तशी राहील ती."

"जनीन, तिचीच इच्छा होती..."

"तिच्या पुष्कळ इच्छा होत्या."

ऑर्व्हल उठला आणि ताटल्या विसळायला लागला. पाण्याच्या आवाजातच, आमच्याकडे पाठ करून तो म्हणाला, "बरं. निळी."

मला हायसं वाटलं. त्याची मान मोडणार नाही आणि गाडी जशीच्या तशी राहील, दोन्ही साधलं. पण निघताना ऑर्व्हलने एक मागणं मागितलं. शेलीने हँडल स्वतःच्या हाताने बसवलं होतं, थोडं पुढे झुकवून. निळीचं तसंच बसवायचं. "दोन्ही शेजारी उभ्या करू, बघून घे. तिचा एक स्क्रू हलवणार नाही, आणि लगेच परत नेईन."

जनीनने उरलेलं झाकून ठेवलं. मग म्हणाली, "जशी आहे तशी परत आण."

शनिवारी सकाळी पिकअप माझ्या दाराशी लागला. मागे नारिंगी गाडी नव्या नवरीसारखी चमकत होती. ऑर्व्हलच्या बाह्या ओल्या होत्या आणि चेहऱ्यावर समाधान होतं.

"मळकी कशी आणू तुझ्या दारात?" तो म्हणाला. "मागच्या मडगार्डवर तर सिमेंट झालं होतं नुसतं. इथे पलीकडेच ब्रशने घासघासून काढलं."

मला जनीनचं "जशी आहे तशी" आठवलं. पण त्याला बिचाऱ्याला कळलंच नव्हतं. जन्मभराची सवय. गाडी मेकॅनिककडे न्यायची तर धुऊन न्यायची, ह्यात विचार करण्यासारखं काय आहे? त्याच्या हिशेबी त्याने एक स्क्रूसुद्धा हलवला नव्हता.

माप घेतलं आणि गाडी उतरवायला मीही त्याच्याबरोबर त्याच्या घरी गेलो. जनीन हात पुसत शेडमध्ये आली. तिने गाडीकडे पाहिलं, मग सरळ मागे गेली आणि मडगार्डवर तळहात ठेवला. उचलला, थोडा सरकवून पुन्हा ठेवला. दिवा गेल्यावर माणूस भिंतीवर बटण चाचपतं, तसं तिचं चाललं होतं.

"इथे तिचा हात होता," ती म्हणाली.

शर्यतीत गाडी रुतली तेव्हा शेलीने भिजलेला हातमोजा काढून, मागून हात लावून ती ढकलली होती. ओल्या मातीत पंजा उमटला आणि तसाच वाळला. पाचही बोटं. जनीनने तो कितीतरी महिने सांभाळला होता. रोज जेवणानंतर ती शेडमध्ये यायची आणि त्यावर अलगद, न दाबता स्वतःचा हात धरायची.

ऑर्व्हल एक पाऊल पुढे आला. "मला... मला सांगितलं नाहीस?"

"सांगितलं असतं तर तूही ठेवला असतास हात. दोघांच्या हातांनी झिजला असता तो."

ती घरात गेली. ऑर्व्हल पिकअपमध्ये बसला आणि निघाला. मला त्याचा भरवसा वाटेना, म्हणून मी माझी गाडी काढून मागोमाग गेलो. तो गाड्या धुण्याच्या जागेवर गुडघे टेकून बसला होता. गटाराची जाळी त्याने उचलून बाजूला ठेवली होती आणि आतला लाल गाळ ओंजळीने काढून सिमेंटवर मांडत होता. शनिवार होता. सकाळपासून निम्म्या गावाने तिथे गाड्या धुतल्या होत्या.

"मर्ल," तो म्हणाला, "ह्यातला आमचा कुठला?"

मी त्याच्या शेजारी बसून राहिलो. गाळ उन्हात वाळला आणि सगळा एकाच रंगाचा झाला.

त्यानंतर पुष्कळ दिवसांनी जनीन एकटीच दुकानात आली. खुर्ची दिली तरी बसली नाही.

"निळी राहू दे," ती म्हणाली. "तिच्याच गाडीला दिवे लाव आणि नंबर घे. आता ती नुसती गाडी आहे."

मी लावले. कॉइल बदलली, आरसे बसवले, सीट जमेल तेवढी खाली घेतली. निवड चुकीचीच होती आणि आजही आहे. सिग्नलला थांबला की दिवा मंदावतो, हायवेवर गाडी किंचाळते आणि ऑर्व्हल पायाच्या अंगठ्यावर तोल सावरत उभा असतो. तलावापर्यंत जातो, थोडा वेळ पाण्याकडे बघतो आणि परत येतो. जनीन बघायला बाहेर येत नाही.

ती गाडी ऑर्व्हल आता कधीच धूत नाही. सबंध गावात तेवढी एकच मळकी गाडी. दुरुस्तीला आणतो तेव्हा माझ्या धुतलेल्या फरशीवर लाल ढेकळं पडतात, आणि मी पाना खाली न ठेवता त्यांच्याभोवतीने काम करतो. एकदा मागच्या मडगार्डवर चांगला जाड थर साचलेला दिसला. मी वाकून, अगदी जवळून पाहिलं. नुसता चिखल होता.