मामीच्या हातावरची निशाणी

माझ्या मामाची लाँड्री होती. म्हणजे पाटीवर नाव मामाचं आणि आत राज्य मामीचं. मामा मागे वाफेत इस्त्री घेऊन उभा, पुढे काउंटरला मामी. कपडा आला की ती आधी खिसे उलटे करायची, मग कॉलरच्या आत पक्क्या शाईने गिऱ्हाइकाची बारीक निशाणी घालायची आणि मग डागांकडे वळायची. डाग म्हणजे तिचे जन्माचे वैरी. एकदा एक ओळखीचे गृहस्थ दुसऱ्याचाच कोट उचलून निघाले, तर मामीने कोटाची बाही धरून ठेवली. "निशाणी जुळल्याशिवाय कपडा सोडायचा नाही," ती म्हणाली. "समोर सख्खा भाऊ का असेना." गृहस्थ रागावले, पण कोट ठेवून गेले.

मग मामी विसरायला लागली. आधी नावं, मग शेगडी, मग घराची वाट. एकदा बसच्या शेवटच्या थांब्यावर सापडली. कुणीतरी भल्या माणसाने विचारत विचारत घरी आणून सोडली. मामाने तिच्या खिशात पत्त्याची चिठ्ठी ठेवली. पण खिसा दिसला की उलटा करायचा ही तिची आयुष्यभराची खोड, चिठ्ठी दुपारपर्यंत केरात. नंबर कोरलेलं कडं आणलं, तर ते काढून तिने गिऱ्हाइकांच्या राहिलेल्या वस्तूंच्या डब्यात टाकलं. "कुणाचं तरी राहिलंय, येतील न्यायला," म्हणाली.

उपाय शेवटी तिनेच सांगितला. त्या दिवशी सकाळी तिचं डोकं लख्ख होतं. चहा पिता पिता म्हणाली, "अहो, मलाच निशाणी घाला ना. पक्क्या शाईची. म्हणजे हरवले तरी घरी पोचेन." मामा हसला. मग चहा तसाच ठेवून खिडकीशी जाऊन उभा राहिला.

टॅटू काढणारी मुलगी डोक्याचे केस पार उडवलेली, पण बोलायला फार गोड. तिने मामीच्या हाताच्या आतल्या बाजूला मामाचा फोन नंबर गोंदला. मामी सुईकडे कौतुकाने बघत होती. "अक्षर चांगलंय पोरीचं," एवढंच बोलली. घरी कसं सांभाळायचं ते मुलीने सांगितलं आणि मामाने ते कपड्याच्या आतली पट्टी वाचावी तसं पाठ केलं: भिजवू नका, चोळू नका, उन्हात ठेवू नका. कोमट पाण्याने बोटांनीच धुवायचं, मऊ फडक्याने नुसतं टिपायचं, मलम अगदी पातळ लावायचं. खाज सुटली तरी खाजवायचं नाही. खपली आपोआप पडू द्यायची, ओढली तर शाईही बरोबर जाते.

मामाने सगळं केलं. बाहेर निघताना तिला लांब बाह्यांचा सदरा घालायचा, झोपताना हात उशीवर ठेवून द्यायचा. नवीन लग्न झाल्यासारखा तिचा हात धरून बसायचा, आणि मी चिडवलं की म्हणायचा, "तेव्हा कामातून वेळ कुठे होता?"

खपली धरली आणि मामी विसरली की ही निशाणी तिनेच घालून घेतलीय. तिला हातावर दिसला तो शाईचा डाग. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही म्हणतात ते खोटं नाही. मामा दुकानाचं शटर उघडायला खाली गेला तेवढ्यात ती मोरीत बसली, मीठ चोळलं, लिंबू पिळलं आणि कॉलरचा ब्रश घेतला. मामा वर आला तेव्हा पाणी लाल झालं होतं. "ताजाय तोवर निघतो," ती त्याला समजावत होती. "वाळला की बसला जन्माचा."

जखम चिघळली. डॉक्टरांच्या खेपा झाल्या. पट्टी बांधली की ती सोडायची, हातमोजे घातले की धुवायला टाकायची. "काय करू मी?" मामाने मला विचारलं. "हात बांधून ठेवू तिचे?" मी भाची, एरवी माझी जीभ कात्रीसारखी, पण तेव्हा मी सुटलेली पट्टी गुंडाळत बसले.

हात बरा झाला तेव्हा शेवटचे दोन आकडे गेले होते. तिथे पांढरट चट्टा, आणि त्याच्या आधीचा आठ नुसता शून्यासारखा. टॅटूवाल्या मुलीने हात उजेडात धरून बघितला. कातडी कागदासारखी झालीय, म्हणाली, पुन्हा सुई लावली तर शाई पसरेल. उरलेलंही वर्षागणिक फुगून पुसट होईल. ऊन लागू देऊ नका, क्रीम लावा, आहे तेवढं जपा.

मग मामाने एक युक्ती केली. "डाग काढायचं काम माझ्याकडे दे," तो तिला म्हणाला. रोज सकाळी तिच्यासमोर बसायचा आणि डाग काढतोय असं दाखवत क्रीम लावायचा, हलक्या हाताने, उरलेला एकही आकडा दुखू न देता. मामी मान हलवायची. "अहो, तुम्हाला इस्त्रीच बरी. डाग काढणं तुमचं काम नाही." पण ब्रश तिने पुन्हा घेतला नाही.

आणि एक दिवस मामाची आंघोळ होईतो दार उघडं राहिलं.

फोन आला नाही. येणार कसा? मामा बसथांब्यावर गेला, बाजार पालथा घातला. मग त्याच्या डोक्यात आलं आणि तो एकेक लाँड्री बघत सुटला. मी त्याला गाठलं तेव्हा तो बाजारापलीकडच्या एका लाँड्रीच्या पायरीवर उभा होता. आत मामी काउंटरमागे उभी राहून कपड्यांचे खिसे उलटे करत होती.

"तुमच्या आहेत का?" तिथला लाँड्रीवाला म्हणाला. "हातावरच्या नंबरवर शेवटचे आकडे अंदाजाने घालून बघितले. भलत्यांनाच लागत होता."

मामा पुढे झाला. "चल, घरी जाऊ," म्हणाला आणि तिचा हात धरला. मामीने हात सोडवून घेतला. त्याच्याकडे नीट बघितलं, मग स्वतःच्या हातावरच्या अर्धवट आकड्यांकडे बघितलं.

"निशाणी जुळत नाही, दादा," ती म्हणाली. "असा कसा कपडा सोडू?"

मामाने आयुष्यात तिच्या या नियमावरून कधी वाद घातला नव्हता. गिऱ्हाइकं बसतात त्या बाकावर तो जाऊन बसला आणि तिचा ढीग संपायची वाट बघत राहिला.