बिस्किटमावशी आणि पिवळ्या पिशव्या

रक्तपेढी दुसऱ्या मजल्यावर होती, खाली चष्म्याचं दुकान. रक्त देऊन उठलेल्या माणसाने लगेच जिना उतरू नये म्हणून दाराशी एक टेबल मांडलं होतं. त्यावर चहाचा थर्मास, बिस्किटांचे पुडे, पाण्याचे ग्लास, आणि समोर चार खुर्च्या. या टेबलामागे एकोणीस वर्षं एकच बाई बसली. हजेरीपटावर तिचं पद होतं मदतनीस. रक्तदाते तिला बिस्किटमावशी म्हणत.

मावशी मुळात आल्या होत्या फरशी पुसायला. कंबरेच्या दुखण्याने नवरा घरी बसला आणि मुलगी अजून शाळेत होती, तेव्हाची गोष्ट. एकदा एक आडदांड गडी रक्त देऊन ऐटीत उठला. फडकं पिळता पिळता मावशी ओरडल्या, "धरा त्याला!" कुणी धरेपर्यंत गडी दारात कोसळला होता. डॉक्टरांनी विचारलं, तुम्हाला कसं कळलं? "वरच्या ओठावर घाम आला होता," मावशी म्हणाल्या. दुसऱ्या दिवसापासून त्यांना टेबल मिळालं. नव्या तंत्रज्ञांना त्या सांगत, "किडकिडीत पोरींची काळजी करू नका. मिशीवाल्यांवर नजर ठेवा, ते आधी आडवे होतात."

प्रत्येक माणूस पंधरा मिनिटं त्यांच्या ताब्यात असे. उठायची मनाई असली की माणसं बोलायला लागतात. कुणाचं लग्न मोडलंय, कोणाची सासू हट्टी आहे, सगळं मावशींना ठाऊक. एक प्रश्न मात्र सारखा यायचा. "मावशी, हे लोक रक्त विकत-बिकत नाहीत ना?"

"छे रे! पिशवीचा आणि तपासणीचा खर्च तेवढा घेतात," मावशी ठासून सांगत. भिंतीवरच्या फलकावर तसंच लिहिलं होतं.

दर तीन महिन्यांनी येणाऱ्यांत एक रंगारी होता. उंच इमारतींना दोरावरच्या पाळण्यात बसून रंग द्यायचा. त्याच्या कोपरावरचा रंग निघता निघत नसे, तंत्रज्ञ कुरकुरत दोनदा घासायचा. रंगाऱ्याचा भाऊ पूर्वी कामावरून पडला होता आणि अनोळखी लोकांच्या सात पिशव्यांवर वाचला होता. तेव्हापासून हा एकही खेप चुकवत नव्हता.

एका दुपारी तो चहा पीत बसलेला असताना लिफ्ट बंद पडली. मागच्या खोलीतले पांढरे खोके दोन हमाल हॉलमधून जिन्याकडे नेऊ लागले. एकाने दम खायला खोका मावशींच्या टेबलाशी टेकवला.

"काय आहे रे यात?" रंगाऱ्याने विचारलं.

"प्लाझ्मा. रक्तातलं पिवळं पाणी. कारखान्यात चाललंय, औषधं करतात त्याची. दर महिन्याला नेतो आम्ही. लिटरवर बिल होतं."

रंगाऱ्याने मावशींकडे पाहिलं.

"काहीतरी गैरसमज असेल त्याचा. आपल्याकडे विकत नाहीत," मावशी म्हणाल्या.

त्याने चहा संपवला, कोपरावरचा कापूस दाबून धरला आणि तो गेला.

संध्याकाळी मावशी डॉक्टरांच्या खोलीत गेल्या. डॉक्टरांनी काही लपवलं नाही. रुग्णांना बहुतेक वेळा लाल पेशी लागतात, पिवळा भाग उरतो. तो गोठवून ठेवतात आणि जास्तीचा कारखान्याला विकतात. "तो पैसा कुणाच्या खिशात जात नाही, मावशी. फ्रीज त्यातून आला, तुमचा पगारही त्यातून निघतो."

"आणि कारखान्याचं काय?"

"तो नफा कमावतो. धंदाच आहे त्यांचा. त्या औषधाची एक बाटली तुमच्या दोन महिन्यांच्या पगाराएवढी पडते."

"मला कधी सांगितलं नाहीत."

"तुम्ही कधी विचारलं नाहीत."

हे खरंच होतं. मावशींना डॉक्टरांचा राग आला नाही. पण रंगाऱ्याला "विकत नाहीत" म्हटलेलं त्यांना चैन पडू देईना. तो टेलिफोनच्या कचेरीची मागची भिंत रंगवतोय हे त्याच्याच बोलण्यातून ठाऊक होतं. दोन दिवसांनी जेवणाच्या सुट्टीत त्या तिथे पोचल्या. रंगारी चौथ्या मजल्यावर लटकत होता. मावशींनी खालून इतक्या हाका मारल्या की कचेरीतली माणसं खिडकीत आली. घरी काही बरंवाईट झालं की काय, या धास्तीने तो घाईघाईने उतरला.

"मी तुला खोटं सांगितलं होतं," मावशी म्हणाल्या. "विकतात."

"एवढ्यासाठी आलात? तुम्हाला तरी कुठे माहीत होतं!"

"नसेना का. बोलले तर मीच."

रंगारी अंगठ्यावरचा रंग खरवडत राहिला. मग म्हणाला, "मला पैसे नकोत. पण सुई टोचली की मी माझ्या भावासारखं कुणीतरी डोळ्यांपुढे आणायचो. कारखाना कधी आलाच नव्हता डोळ्यांपुढे."

"पुढच्या वेळी येशील ना?"

"बघतो."

पुढच्या वेळी तो आला नाही.

मावशी मात्र टेबलावर खरं सांगू लागल्या, आणि तेही कुणी विचारायच्या आत. बिस्किट पुढे करत त्या म्हणत, "लाल भाग रुग्णाला जातो. पिवळा उरला तर कारखान्याला विकतात, त्याचं औषध होतं, ते महाग असतं." बरेच जण "बरं" म्हणून दुसरं बिस्किट घेत. एका शिक्षिकेने तासभर वाद घातला. काही माणसं पुन्हा फिरकली नाहीत.

सहा महिन्यांनी व्यवस्थापकांनी बोलावलं. "मावशी, तुमचं काम चहा द्यायचं. तुमच्यामुळे दाते तुटतायत. उद्या अपघाताचा रुग्ण आला तर मी त्याला काय देऊ, तुमचा खरेपणा?"

"ते मला नाही सांगता येणार," मावशींनी कबूल केलं. मग म्हणाल्या, "सांगू नको म्हणत असाल तर तसं लिहून द्या. कुणी विचारलं की तो कागद दाखवीन."

असा कागद द्यायला व्यवस्थापक काही दूधखुळे नव्हते. प्रकरण विश्वस्तांच्या बैठकीत गेलं. बरीच खडाजंगी झाली आणि शेवटी अर्जावर एक ओळ वाढली. उरलेला प्लाझ्मा औषधनिर्मितीसाठी विकायला माझी हरकत नाही, आणि पुढे एक चौकोन. पाचातला एखादा तो कोरा सोडी. अशांच्या पिवळ्या पिशव्या वेगळ्या कप्प्यात वर्षभर पडून राहत, वापरल्या गेल्या नाहीत तर भट्टीत जात. कारखान्याने काही बाटल्या गरीब रुग्णांसाठी परत द्याव्यात म्हणून विश्वस्तांनी पत्रही पाठवलं. उत्तरादाखल भिंतीवरची सहा कॅलेंडरं आली.

मावशींची मुलगी एव्हाना नर्स झाली होती, भाजलेल्यांच्या वॉर्डात. भट्टीचं कळल्यावर तिने आईला फैलावर घेतलं. "त्याच बाटल्यांसाठी माझ्याकडे नातेवाईक रडतात. आणि तुझ्या चौकोनापायी प्लाझ्मा जाळतात?"

"जाळतात," मावशी म्हणाल्या.

"मग काय मिळवलंस?"

"न विचारता घेणं थांबलं."

"माझ्या वॉर्डात येऊन सांग हे."

मावशी गेल्या नाहीत.

रंगारी पुन्हा उगवला तो दोन वर्षांनी. त्याने चौकोन कोरा ठेवला आणि खुर्चीत बसल्यावर आपल्या पिशवीचं काय होईल ते विचारलं. मावशींनी भट्टीचंही सांगितलं. त्यापुढच्या खेपेला त्याने चौकोनात बारीक अक्षरात लिहिलं, 'गरिबाला द्या.' तंत्रज्ञ म्हणाला, असं चालत नाही, टिक करा नाहीतर सोडा. रंगाऱ्याने लिहिलेलं खोडलं आणि टिक केली.

पुढे मावशी निवृत्त झाल्या. टेबलावर आता एक चुणचुणीत मुलगी असते. ती अर्जावरची ओळ झरझर वाचून दाखवते आणि लोक सही करतात. मावशी आपल्या लेकीकडे राहतात, नातवंडांना सांभाळतात. बाकी सगळं सुरळीत आहे. त्या चौकोनावर मात्र मायलेकींचं अजून पटलेलं नाही. विषय निघाला की मुलगी आवाज चढवते आणि मावशी भाजी निवडत ऐकून घेतात.