मामांची परमिशन

गेल्या रविवारी तासगावला, सासुरवाडीत, चहाचा कप खाली ठेवून मी सासऱ्यांना सांगितलं की मामा, ॲपमधली तुमची परमिशन मी काढलीय. मेहुणा बेदाण्याच्या शेडवरून नुकताच आला होता, तो चप्पल न काढताच दारात थांबला.

थोडं मागचं सांगतो. साताऱ्यात बसून मी एसटीच्या वेळा सांगणारं एक फुकट ॲप चालवतो. ओपन सोर्स आहे, म्हणजे सगळा कोड उघड्यावर, आणि कुणीही त्यात दुरुस्ती पाठवू शकतो. या दुरुस्तीला आम्ही पॅच म्हणतो.

नियम एकच. पॅच कुणाचाही असो, दुसऱ्या कुणीतरी तो वाचायचा, खात्री करायची, मगच ॲपमध्ये घ्यायचा. शिरवळची सुजाता कारखान्यातली शिफ्ट सांभाळून यातलं निम्मं काम करते… आणि माझ्या वाटणीचंही बऱ्याचदा तीच करते.

मामांचं आयुष्य एसटीत गेलं, कंडक्टर म्हणून. रिटायर झाल्यावर त्यांनी कॉम्प्युटरचा क्लास लावला आणि दीड वर्षापूर्वी पहिला पॅच पाठवला. माझी पंचाईत झाली… सासऱ्यांच्या कामातल्या चुका जावयानं काढायच्या कशा?

मग मी आपला सोपा मार्ग काढला. त्यांना थेट परमिशन देऊन टाकली. त्यांनी बटण दाबलं की कुणीही न वाचता दुरुस्ती सरळ ॲपमध्ये. लग्नात टॉवेल-टोपीचा आहेर करावा तसं केलं… मान दिला, मी मोकळा झालो. बायकोही खूश.

दीड वर्ष छान गेलं. मग पाटणहून एका नर्सबाईंचा मेल आला. तिथली सकाळची एक गाडी आमच्या ॲपवर साडेसातची दिसत होती, प्रत्यक्षात ती सातलाच सुटते. दोन दिवस त्यांची गाडी चुकली, ड्युटीला उशीर झाला आणि वरून नोटीस आली. मेलमध्ये राग नव्हता… फक्त विचारलं होतं, या वेळा कोण तपासतं?

शोधलं तर तो पॅच मामांचा निघाला.

त्याच दिवशी सुजाताचा मेसेज. माझी एक ओळ चार-चार दिवस रिव्ह्यूत, कुणी वाचायची वाट बघत, पडून असते आणि मामांच्या अख्ख्या फायली थेट जातात, असं तिनं लिहिलं होतं. नियम सगळ्यांना लावा, नाहीतर मी थांबते. ती थांबली असती तर ॲप महिनाभरात बंद पडलं असतं, हे तिलाही माहीत होतं आणि मलाही.

परमिशन काढायला एक मिनिट लागलं. सांगायचं कुणी, हा खरा प्रश्न होता. बायकोनं हात झटकले… तू दिलीस, तू सांग.

तर त्या रविवारी मामांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग म्हणाले, "आवं पाव्हणं, बटण दाबलं की ते तुमच्याकडं वाचाय येतं, असं मला वाटत हुतं. म्हंजे दीड वरीस माझं कुणी वाचतच न्हवतं व्हय?"

कुणीच नाही, मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार… मेहुण्यानं माझ्याकडे पाहिलं ते मला आवडलं नाही. सासूबाई उगाच पोह्यांचं विचारायला लागल्या. मामा म्हणाले, "बरं केलं काढली ती. त्या सुजाता पोरीकडंच लावून द्या माझं. ती वाचंल तरी." आणि बाहेर जाऊन झाडांना पाणी घालायला लागले.

परत येताना गाडी बायको चालवत होती. मला करमेना, म्हणून मोबाइलवर मामांचे जुने पॅच उघडले. प्रत्येक पॅचसोबत एक टीप लिहायची जागा असते. आम्ही सगळे तिथे 'वेळ बदलली' असे दोन शब्द टाकून मोकळे होतो… मामांनी प्रत्येक वेळी छोटं पत्रच लिहिलं होतं. ही वेळ कुठून मिळाली, कुणी सांगितली, कशाची खात्री नाही… सगळं.

पाटणच्या त्या पॅचखाली लिहिलं होतं, 'ही गाडी मी असताना साडेसातला सुटत असे. आठवणीतून घातली आहे. आता बदलली असू शकते. आपण पाटणला एकदा विचारून मगच घ्यावी, ही विनंती.'

मी दोनदा वाचलं. कराड कधी मागे पडलं कळलंही नाही.

ही टीप मामा विसरले असतील, असं मला वाटत नाही. सगळ्यांसमोर त्यांनी एवढं म्हटलं असतं तरी पुरे होतं, की पाव्हणं, मी विचारलं हुतं तुमाला. पण ते तसं म्हणाले नाहीत. मुलीसमोर, मुलासमोर माझी लाज राखली आणि उठून झाडांना पाणी घालायला गेले.

नर्सबाईंना कळवलंय की तपासायचं काम माझं होतं आणि मी ते केलं नाही. नोटिशीच्या उत्तराला जोडायला तसं पत्रही दिलंय. सुजातालाही टीप दाखवली… तिनं फक्त 'हं' एवढंच लिहिलं.

मामांना मात्र अजून फोन केलेला नाही. फोन हातात घेतो आणि खाली ठेवतो. म्हणून आधी इथे, माझ्या ब्लॉगवर लिहितोय, मामा हे वाचणार याची खात्री आहे.

मामा, तुमच्या सगळ्या टिपा वाचल्या. पहिल्यापासून. माझं चुकलं.