वाऱ्याविना फिरलेल्या वाट्या

मी मूळचा राजुरीचा. मांजर आडवं गेलं की मुद्दाम पुढं जाणारा माणूस. त्यामुळे मी हे असलं काही लिहितोय याचं बायकोलाच हसू येतंय... हसा, तुम्हीपण हसा.

गोष्ट २००० नंतरच्या एका उन्हाळ्यातली. तेव्हा पवनचक्क्यांची कामं जोरात होती. "लोडशेडिंग विसराल!" असं साहेब लोक सांगायचे. पण आधी वारा मोजावा लागतो. त्यासाठी तळेघरच्या वरच्या पठारावर आम्ही लोखंडी पाइपांचा उंच खांब उभा करत होतो. सोबत माझा धाकटा भाऊ बाळू — त्याचं लग्न तोंडावर आलेलं — आणि जमीनवाले कोंडाजीभाऊ.

खांब अर्धा वर आला आणि ओढणाऱ्या विंचची बॅटरी बसली. दुसरी आणायला ड्रायव्हर जीप घेऊन घोडेगावला गेला. पठारावर सावलीला झुडूपसुद्धा नाही! मग नेहमी करायचो तेच केलं — तिरक्या खांबालाच ताडपत्री बांधली आणि बाळू-कोंडाजीभाऊंनी तिच्याखाली शिदोरी सोडली. चूकच ती. पण या लाइनीतले सगळे तसंच करायचे, उन्हात नियम कोण पाळतंय!

मी जरा लांब, पेटीवर यंत्र ठेवून तपासत होतो. यंत्र म्हणजे दांडीवर तीन वाट्या. वारा लागला की गरागरा फिरतात.

"वारा मोजाया आलाय आन् आज पान बी हालत न्हाई राव," कोंडाजीभाऊ चिडवत होते.

खरंच हलत नव्हतं. ताडपत्रीची कडही गप्प. आणि माझ्यासमोर वाट्या फिरायला लागल्या.

बोटानं थांबवल्या. बोट काढलं — पुन्हा सुरू, आधीपेक्षा जोरात. तळहात धरला, तर झुळूक नाही. यंत्राला वायर जोडलेली नाही... मग फिरवतंय कोण?

"बाळ्या, पळत ये! हे बघ!"

"जेवू दे की दादा."

"आधी ये म्हणतो ना, गाढवा!"

दोघं कुरकुरत आले. बाळूच्या हातात भाकरी तशीच. तेवढ्यात मागं कडकन आवाज झाला. खांबाचा ताण धरणारा, जमिनीत ठोकलेला अँकर उपसून आला होता आणि अख्खा खांब ताडपत्रीवर पडला होता. पाण्याचा कॅन पार चेपला.

इकडं वाट्या थांबल्या होत्या.

मला रडू फुटलं, सरळ सांगतो. बाळूला मिठी मारली, वर एक शिवीही घातली. "कोणत्या देवाचं काम म्हणायचं हे?" मी कोंडाजीभाऊंना विचारलं.

"मला नका इचारू. मी बी पयल्यांदाच बगितलं," ते म्हणाले.

नंतर इंजिनिअर झाले, कॉलेजातले सर झाले — सगळ्यांना विचारलं. कोणी म्हणतं तापलेली हवा, कोणी म्हणतं भोवरा. असेल बाबा. पण मग माझ्या हाताला का लागला नाही?

खांब पुन्हा उभा केला, वर्षभर मोजणी झाली. इथं वारा पुरेसा नाही, असं ठरलं. पवनचक्क्या काही आल्या नाहीत. ते यंत्र मी मागून घेतलं. बाळूची पोरगी फुंकर मारून वाट्या फिरवते आणि मी नुसता बघत बसतो.

पुरेसा नाही म्हणे... आम्हाला पुरला.