दातांनी ऐकणारे नाना

नाना मिस्त्री गाडी कानांनी नाही, दातांनी ऐकायचे. हातभर लांबीच्या पेचकसाचं टोक चालू इंजिनावर टेकवायचं, त्याची लाकडी मूठ दातांत घट्ट धरायची आणि डोळे मिटायचे. अर्ध्या मिनिटात डोळे उघडून सांगायचे, "मधला सिलिंडर आळशी आहे." नवख्या गिऱ्हाइकाला हे नाटक वाटायचं. खरं कारण साधं होतं. तरुणपणी पारोळ्याकडच्या एका कापसाच्या जिनिंगात यंत्रांच्या धडधडीत त्यांनी बरीच वर्षं काढली आणि तिथेच त्यांचे कान गेले; समोरच्याचं बोलणं ते ओठ बघून ओळखायचे. इंजिनाची थरथर मात्र दातांतून थेट डोक्यात पोचायची. "कान फसवतो भाऊ, दात फसवत नाही," असं ते म्हणायचे. नाना जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. तो पेचकस अक्कांनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, मला दिला. मुठीवर त्यांच्या दातांच्या खुणा आहेत.

जळगावला बसस्टँडमागच्या गॅरेजांच्या रांगेत शेवटचा पत्रा नानांचा. मी तेव्हा बियाण्यांच्या कंपनीत फिरतीवर होतो. धरणगाव, पारोळा, तेव्हाचं एदलाबाद, जिथं कपाशी आणि केळी तिथं मी. कर्ज काढून एक सेकंडहँड आठशे सीसीची पांढरी गाडी घेतली होती आणि तिच्यावर माझा भारी जीव होता. एकच दुःख होतं. चढावर मागून येणारा ट्रकसुद्धा भोंगा वाजवून मला बाजूला करायचा. म्हणून मी नानांच्या मागे लागलो होतो, की इंजिन जरा ट्यून करून द्या, पळू दे थोडी.

नाना ठाम नकार द्यायचे. "लहान गाडीचं इंजिन छेडू नये," हे त्यांचं ब्रीदवाक्य. "कंपनीतले लोक काय खुळे आहेत? तुझी बकरी आहे. तिला चारा घातला तर दूध देईल. टांग्याला जुंपली तर मरेल." मी हट्ट केला की ते प्लग काढून माझ्या तळहातावर ठेवायचे. "हा बिस्किटाच्या रंगाचा आहे ना? मग गाडी सुखी आहे. काळा पडला तर समज पेट्रोल ढोसतेय. पांढरा पडला तर समज आतून जळतेय." एवढं बोलून प्लग परत बसवायचे आणि मला चहा सांगायचे.

आता एका शेठबद्दल. त्याचं नाव घेऊन मी तोंड खराब करत नाही. कधीकाळी तो नानांच्याच हाताखाली तीन वर्षं राबला, हुन्नर शिकला आणि धुळ्याला गेला. तिथं त्यानं मोठं गॅरेज काढलं आणि गाड्या तपासायचं एक मशीन आणलं. काटे, दिवे, वायरी, सगळा थाट. उद्‌घाटनाला नानांना मानानं बोलावलं. नाना धुतलेला सदरा घालून माझ्याच गाडीतून आले. शेठ म्हणाला, मशीनवर पहिली गाडी हीच चढू दे. गाडी अंगणात लावली आणि नानांना तिच्या शेजारीच खुर्ची दिली.

मग सत्कार. शेठ शाल घेऊन नानांच्या मागे गेला, ती त्यांच्या खांद्यांवर टाकली आणि तशाच गोड चेहऱ्यानं, मागूनच, साध्या आवाजात म्हणाला, "नाना, पाठीवर पाल चढली बरं का." नानांनी हसून हात जोडले. त्यांना वाटलं, काहीतरी गौरवाचं बोलतोय. शेठ पुन्हा म्हणाला, "नाना, पाल मानेवर आली." नानांनी पुन्हा हात जोडले. मग तो आम्हा पाहुण्यांकडे वळला. "ह्याच कानांनी यांनी सगळ्या जळगावच्या गाड्या ऐकल्या. म्हणून मी मशीन आणलं." लोक खो खो हसले. आणि खोटं कशाला सांगू, नानांच्या पाठीमागे उभा असलेला मीही हसलो. सगळे हसतात तेव्हा माणूस हसतो, एवढंच. त्यांना ऐकू आलं नाही, याचं मला बरंही वाटलं.

ती गोष्ट नानांच्या आधी जळगावला पोचली. बहिऱ्या मिस्त्रीकडे कोण गाडी देणार? महिन्याभरात पत्र्याखाली एक मोडकी जीप आणि माझी पांढरी गाडी, एवढंच उरलं. नाना दिवसभर खुर्चीत बसून पेचकस पुसायचे. मला शेठचा असा संताप यायचा की झोप लागायची नाही. आपण हसलो होतो हे मी सोयीनं विसरलो होतो. नाना मात्र शेठचं नावही काढत नव्हते. एरवी त्यांचं बोलणं शहरी, पण राग आला की ते अहिराणीवर यायचे, आणि त्या दिवसांत तर ते पाणीसुद्धा अहिराणीत मागत होते.

एके दिवशी म्हणाले, "गाडी आण. ट्यून करसू."

मी हरखलोच. पुढचे पाच रविवार नाना त्या इंजिनात होते. हेड उतरवलं. हवा जायची भोकं बोटाला पॉलिश पेपर गुंडाळून आतून काचेसारखी केली. कार्बोरेटरमध्ये काहीबाही बारीक केलं, टायमिंग पुढे घेतलं, आणि प्रत्येक वेळी पेचकस दातांत. गाडी हलकी वाजायला लागली आणि पेट्रोल तर नुसतं हुंगून चालायला लागली. एकदा मी प्लग काढून पाहिला. पांढरा फटक.

"नाना, हा पांढरा पडलाय."

"बघू नको. लाव परत."

मी लावला. नानांच्या पुढे मी कोण?

मग नानांनी शेठला निरोप धाडला. तुझी आठशे, माझी आठशे. तू मशीननं जुळव, मी दातांनी जुळवतो. दोघांच्या टाक्या कोरड्या करायच्या, दवाखान्यातल्या सलाइनच्या बाटलीत एक-एक लिटर पेट्रोल टांगायचं आणि धुळ्याहून पारोळ्याच्या दिशेनं निघायचं. ज्याची गाडी अलीकडे थांबेल तो हरला. हरणाऱ्यानं शेठच्याच अंगणात, त्याच पाहुण्यांसमोर पेचकस दातांत धरायचा आणि काय ऐकू येतं ते सांगायचं. शेठला वाटलं, म्हातारा स्वतःच्या पायानं चालत आला. तो लगेच हो म्हणाला.

एप्रिलचं ऊन होतं. एकमेकांवर नजर ठेवायला माणसं बदलली. नानांच्या शेजारी शेठचा मिस्त्री बसला, शेठच्या शेजारी मी. परत येण्यापुरता पेट्रोलचा डबा एकच होता, तो नानांच्या डिकीत. शेठ म्हणाला, "आपण पुढेच असणार. म्हातारा आणून देईल मागून." सुरुवातीला खरंच आम्ही पुढे होतो. मग बाटली तळाला गेली, गाडीनं दोन आचके दिले आणि ती एका बाभळीजवळ थांबली. पाचेक मिनिटांनी मागून नाना आले. बैलगाडीच्या चालीनं, सरळ रस्त्यावर नजर ठेवून, आमच्या शेजारून पुढे गेले आणि दिसेनासे झाले. मी बाभळीखाली उभा राहून जन्मात कधी नाही इतका खूश झालो.

नाना दोन गावं पुढे जाऊन थांबले. डब्यातलं पेट्रोल घालून परत फिरले. शेठनं रस्त्यावर येऊन हात केला. नाना थांबले नाहीत. मीही हात केला. तरी थांबले नाहीत. त्यांचं माझ्याकडे लक्ष गेलं नसावं, अशी मी स्वतःची समजूत घातली. शेवटी शेठ आणि मी, दोघंही घामाघूम होऊन एका कडब्याच्या ट्रकमधून धुळ्याला पोचलो.

अंगणात माणसं जमली होती. नानांनी माझी गाडी चालू ठेवली होती. त्यांनी पेचकस इंजिनावर टेकवला आणि मूठ शेठपुढे केली. मूठ तेलानं काळी झाली होती. शेठनं इकडे-तिकडे पाहिलं, पण शब्द दिला होता आणि सगळं धुळं बघत होतं. त्यानं मूठ दातांत धरली, डोळे मिटले, उघडले.

"काय ऐकू येतं?" नानांनी विचारलं.

शेठ खाली बघून काहीतरी पुटपुटला.

नानांनी कानामागे हात धरला. "मोठ्यानं बोला शेठ. मला कमी ऐकू येतं."

"काही ऐकू येत नाही," शेठ ओरडला. ओठ काळे झाले होते. आणि मग ते अंगण जे हसलं, ते मी अजून विसरलेलो नाही. या वेळी मी मनापासून हसलो. आजही धुळ्याला गेलो की मुद्दाम त्या गल्लीतून जातो. ते मशीन कधीच भंगारात गेलं, याची खात्री करून घेतो आणि एक चहा जास्त पितो.

दुसऱ्या आठवड्यापासून नानांच्या पत्र्यासमोर रांग लागली. तिसऱ्या आठवड्यात एदलाबादच्या रस्त्यावर माझी गाडी खोकली, फडफडली आणि मेली. ट्रॅक्टरला बांधून तिला नानांच्या दारात आणलं. नानांनी हेड उघडलं. दोन व्हॉल्व्ह कडेनं जळून झिजले होते. नानांच्या चेहऱ्यावर जराही नवल नव्हतं.

"नाना, तुम्हाला माहीत होतं हे होणार?"

त्यांनी मान डोलावली.

माझं डोकं फिरलं. "मग दुसरी गाडी नव्हती का? ती जीप होती ना. पोट आहे माझं या गाडीवर. माझीच का जाळली?"

नानांनी जळका व्हॉल्व्ह फडक्यानं पुसला आणि माझ्या तळहातावर ठेवला, पूर्वी प्लग ठेवायचे तसाच. मग शांतपणे, अहिराणीत म्हणाले, "त्या रोज मी तुन्या गाडीजोडे बसेल व्हतू. तिना आरसामा तू दिसना. तू बी हासना."

मीही हसलो, ते त्यांना आरशात दिसलं होतं. बाजूच्या आरशात मागचं सगळं दिसतं, हे मला, त्या गाडीच्या मालकाला, कधी सुचलं नव्हतं. मी खाली मान घालून म्हणालो, "नाना, चुकलो."

नानांनी कानामागे हात धरला.

"मोठ्यानं बोल. मले कमी ऐकू येस."

आजूबाजूच्या गॅरेजांतले हातोडे थांबले होते. सगळी रांग आमच्याकडे बघत होती. मी छाती भरून श्वास घेतला आणि बसस्टँडपर्यंत जाईल एवढ्यानं ओरडलो, "नाना, चुकलो मी. माफ करा."

नानांनी माझ्या हातातला व्हॉल्व्ह काढून घेतला, उजेडात धरून एकदा पाहिला आणि पाना उचलला.

"बठ्ठं ठीक व्हई जाई," ते म्हणाले. "जाय, चहा सांग."