लढाई केव्हा बरोबर?

औषधाच्या दुकानात मुदत संपलेला माल कधी साचतो, हे दुकानदारालाही कळत नाही. एखाद्या दिवशी खोका ओढून बघावा तर तळाशी ढीग. किस्स्यांचंही तसंच असतं. फरक एवढाच, की औषधं कंपनी परत घेते. हे कोणी परत घेत नाही.

मी एकवीस वर्षं फौजेत नर्सिंग असिस्टंट होतो. म्हणजे जखमा बांधणारा, सुया टोचणारा. आता नांदुऱ्यात स्टेशनच्या रस्त्याला मुलाचं मेडिकल आहे. त्याच्या दुकानापुढे एक खुर्ची आणि बीपीचं मशीन घेऊन मी बसतो. सकाळी आजूबाजूचे चार-सहा माजी सैनिक जमतात. दंडाला पट्टा आवळला की माणूस दोन मिनिटं गप्प राहतो, आणि सोडला की बोलायला लागतो.

सीमेवर काही झालं, टीव्हीवर आरडाओरडा सुरू झाला, की येणारा-जाणारा आम्हाला हमखास विचारतो, "काय काका, युद्ध करायलाच पायजे ना आता?" या प्रश्नाला आमच्यापैकी कोणी एका शब्दात उत्तर दिल्याचं मला आठवत नाही.

*

सुभेदारसाहेब आमच्यात वयानं वडील. त्यांचं गाव मोताळ्याच्या वाटेवर. अशाच एका तापलेल्या आठवड्यात गावात ग्रामसभा भरली आणि ठराव मांडला गेला, की देशाने युद्ध करावे, गावाचा पाठिंबा आहे. झाडून सगळ्यांचे हात वर. साहेब उभे राहिले.

"ठरावाले माहा विरोध नाही. फक्त दोन ओळी वाढवा. एक, युद्ध काऊन करायचं. दोन, थांबायचं केव्हा."

पहिली ओळ पाच मिनिटांत लिहून झाली. आपली निरपराध माणसं मारली, म्हणून. साहेब म्हणाले, "बरोबर आहे. आता दुसरी."

कोणी म्हणालं, ते माफी मागतील तेव्हा. कोणी म्हणालं, त्यांचा देश नकाशावरून पुसला जाईल तेव्हा. साहेबांनी विचारलं, "त्यात त्यायचे लेकरंबाळंही आले ना बे?" तो खाली बसला. आणखी एक जण म्हणाला, आपली जेवढी गेली तेवढी त्यांची गेली की थांबायचं. त्यावर मागून एक म्हातारा हळूच बोलला, "मंग त्यायनं पुन्हा मोजलं तं?"

तासभर असाच गेला. लोकांना शेतात जायचं होतं. शेवटी ग्रामसेवकानं दुसऱ्या ओळीच्या जागी टिंबं काढली आणि सह्या घेतल्या. ठराव तसाच वर गेला!

*

नामदेव हवालदाराला डावा पाय घोट्याखाली नाही. बसवलेल्या पायावर चालतो. कोणी विचारलं, कोणत्या लढाईत गेला, तर म्हणतो, "जे झालीच नाही, त्या लढाईत."

लोकांना वाटतं, थट्टा करतो. पण ते खरं आहे. एका वर्षी दोन्ही देशांनी फौजा सीमेवर नेऊन उभ्या केल्या. नामदेवच्या तुकडीनं आपल्याच शेतकऱ्यांच्या गव्हाच्या शेतात सुरुंग पुरले. महिने गेले, लढाई लागली नाही. मग हुकूम आला, काढा. पुरताना नकाशा केला होता, पण मधे एक पावसाळा येऊन गेला होता आणि माती सरकली होती.

मागे एका शाळेच्या मैदानावर त्याचा सत्कार होता. सूत्रसंचालकानं माइकवर सांगितलं, "शत्रूशी लढताना यांनी पाय गमावला." नामदेवनं माइक मागून घेतला.

"शत्रू तं मले दिसलाही नाही. सुरुंग आपला होता, वावर आपलं होतं, अन् पायही आपलाच होता."

पाहुणे टाळ्या वाजवायला उठले होते. ते तसेच बसले.

*

हा किस्सा लहानसा आहे. शेषराव म्हणून एक भाजीवाले शेतकरी आमच्याकडे शुगरच्या गोळ्या न्यायला येतात. त्यांच्या मोठ्या मुलाचं भरतीचं वय त्या वर्षी संपत होतं. टीव्हीवर युद्धाच्या बातम्या चालल्या होत्या. गोळ्या पिशवीत टाकता टाकता त्यांनी अगदी साधेपणानं विचारलं, "लढाई लागली तं भरती वाढन काय हो?"

मग नामदेव म्हणाला, "वाढते ना. जागा खाली होतात."

शेषराव मान हलवून गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडायच्या आधीच येऊन उभे होते. गोळ्या घ्यायच्या नव्हत्या. म्हणाले, "म्या काल जे विचारलं, ते पोराले सांगू नका."

*

जिजाकाकूंचा मुलगा सीमेवर मारला गेला तेव्हा एकोणतीस वर्षांचा होता. काकू मिरची-वांगी लावतात, सून शिवणकाम करते. तेराव्याच्या आधीच एक टीव्हीवाली बाई कॅमेरावाल्याला घेऊन घरी आली. आम्ही अंगणात बसलो होतो. तिनं माइक पुढे केला, "आई, तुम्हाला बदला हवा आहे का?"

मला वाटलं, काकू रडतील किंवा नको म्हणतील. आम्हा फौजी लोकांना आयांनी नको म्हटलेलं बरं वाटतं, का कोण जाणे.

काकू म्हणाल्या, "हाव. पायजे."

बाई खूश झाली. माइक मागे घेणार, तेवढ्यात काकूंनी तो हातानं धरला. "पण तो झाला, हे मले कसं समजन?"

"म्हणजे?"

"कोनाले मारलं, त्यानंच माह्या लेकाले मारलं होतं का, हे मले कोन येऊन सांगन? तुमीच सांगसान ना टीव्हीत?"

"हो, आम्ही दाखवू ना."

"अन् तुमाले कोन सांगन?"

बाईनं कॅमेरावाल्याकडे बघितलं. त्यानं कॅमेरा खाली केला होता. काकूंनी माइक सोडला आणि सुनेला म्हणाल्या, "पाहुण्यायले चहा टाक वं."

*

सुभेदारसाहेबांचं बीपी एका दिवशी एकशे नव्वदवर गेलं होतं. मी पुन्हा मोजलं, तरी तेवढंच. "काय झालं साहेब?" तर म्हणाले, "शाळेत गेलतो."

गावच्या शाळेनं त्यांना सैनिकांवर भाषण द्यायला बोलावलं होतं. सहावी-सातवीची मुलं. भाषण संपल्यावर एका मुलीनं विचारलं, "आबा, युद्ध केव्हा बरोबर असते?" मुख्याध्यापक हसून म्हणाले, "सांगा साहेब, देशावर हल्ला झाल्यावर!" साहेब म्हणाले, तेही बरोबर आहे. आणि मग त्यांनी मुलांना कधी कोणाला न सांगितलेली गोष्ट सांगून टाकली.

त्यांच्या चौकीखाली आपलं एक गाव होतं. पलीकडून त्या गावावर तोफेचे गोळे पडत होते. ती तोफ तिकडच्या एका गावातल्या घरांच्या आडोशाला लावलेली होती. साहेबांनी वायरलेसवर ती उडवायची परवानगी मागितली. वरचे अधिकारी म्हणाले, थांबा, तिथं घरं आहेत. ती तोफ हलेपर्यंत दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी साहेब आणि त्यांचे जवान खाली उतरले. आपल्या गावातली दोन घरं गेली होती. त्यातल्या एका घरात साहेब आदल्या आठवड्यात जेवले होते.

"मंग थांबले ते चुकलं का?" त्या मुलीनं विचारलं.

"मले अजून समजलं नाही पोरी. मारलं असतं, तं तिकडचे दोन घरं गेले असते."

मुलीनं थोडा विचार केला. "आबा, तुमी थांबले होते, हे तिकडच्या गावाले माहीत आहे का?"

साहेब मला एवढंच म्हणाले, "नाही, म्हटलं. त्यायले कसं माहीत होईन." आणि दंड पुढे केला. "आणखी एकदा मोज."

*

पुंडलिक मेहकरकडचा. मुलगी शेगावला दिली आहे, तिच्याकडे आला की आमच्या दुकानावर चक्कर टाकतो. युद्धाची चर्चा निघाली की तो काही बोलत नाही, म्हणून त्याचा किस्सा मीच सांगतो. तेव्हा मी तिथं होतो.

उंचावरची चौकी होती, बर्फातली. पलीकडची एक टोळी आपल्या हद्दीत शिरली होती. सकाळी चकमक झाली. डॉक्टरसाहेब दोन गंभीर जखमींना घेऊन खाली गेले आणि मी तंबूत एकटा राहिलो. दुपारी आपल्या लोकांनी आणखी दोघांना आणून टाकलं. एक पुंडलिक, मांडीत गोळी, हाड फुटलेलं. दुसरा पलीकडचा, पोटात गोळी. पुंडलिकला गोळी त्यानं मारली होती, आणि त्याला पुंडलिकनं.

दुखणं थांबवायचं इंजेक्शन एकच उरलं होतं. नियम असा, की मोठी जखम आधी, आणि मोठी जखम पोटाची होती. मला नियम पाठ होता. पण मी सुई भरली आणि पुंडलिककडे वळलो. माझ्या जिल्ह्याचा माणूस होता, मला नावानं हाक मारत होता.

त्यानं माझं मनगट धरलं. "त्याले?"

"संपलं. हे एकच आहे."

त्यानं मान वळवून बघितलं. तो दुसरा स्वतःची बाही दातात धरून पडला होता.

"अर्धं त्याले दे."

"पुंडलिक, अर्ध्यानं तुहंही दुखनं थांबत नाही, अन् त्याचंही."

"हाव. माहीत आहे मले."

"त्यानंच मारली ना बे तुले गोळी?"

"हाव. मारायची तेव्हा म्याही मारली." आणि मनगट सोडेना.

मी अर्धं पुंडलिकला दिलं. सुई बदलली, उरलेलं अर्धं त्याला दिलं.

हेलिकॉप्टर यायला तीन तास लागले. ते तीन तास मी दोघांच्या मधे बसून होतो. एक ओरडून थकला, की दुसरा सुरू करायचा.