पुण्याचा पाहुणा

देवाशी माझं नातं कामापुरतंच होतं. नोकरी, घर, मुलीचं शिक्षण, सगळं आपल्याच हिमतीवर झालं असं मला वाटायचं, आणि हात जोडले तरी लक्ष घड्याळाकडे असायचं. म्हणून हे लिहिताना संकोच होतो. यात चमत्कार काही नाही. माझी लाज मात्र आहे.

गेल्या वर्षी कचेरीच्या प्रशिक्षणासाठी पुण्याहून अलिबागला आलो होतो. दोन दिवसांत ते आटोपलं आणि तिसरा दिवस मोकळा मिळाला. तिथून अर्ध्या-पाऊण तासावर चौलला माझी आत्या राहते. आई लहानपणीच गेली, दहावीपर्यंत मला आत्यानंच वाढवलं. पण दोन वर्षं मी तिकडे फिरकलो नव्हतो, आणि जितके दिवस गेले तितकं तोंड दाखवणं अवघड होत गेलं. त्या सकाळी खोलीवर चहा घेत होतो, तोच तिचा फोन आला. कुठं आहेस, वेळेवर जेवतोस ना, असं विचारत होती. मी पटकन सांगून टाकलं, पुण्यातच आहे, फार कामात आहे. "बरं, काम कर बाबा," म्हणून तिनं फोन ठेवला. मला सुटल्यासारखं वाटलं, हे कबूल करतो.

मग निवांत अलिबाग बघायला निघालो. किनाऱ्यासमोर समुद्रात किल्ला आहे, आत गणपतीचं देऊळ. ओहोटीला तिथं चालत जाता येतं. घोडागाडीवाला म्हणाला, आज भांगाचं पाणी आहे, गाडी नेणार नाही, तुम्हीही जाऊ नका. मी मनात हसलो. भरतीचं गणित मला लहानपणापासून पाठ होतं. तिथीची पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता पूर्ण भरती. त्या दिवशी अष्टमी, आठाची पाऊणपट सहा. सहाला भरती, म्हणजे बाराला ओहोटी. यात कुणाला काय विचारायचं? पँट दुमडली आणि निघालो. उथळ पाण्याला खळखळाट फार, तशातली गत. अष्टमीच्या सुमाराला भांग असतो, तेव्हा ओहोटीलाही पाणी पुरतं उतरत नाही, हे निम्मं गणित मी शहरात विसरून आलो होतो. जातानाच पाणी गुडघ्याच्या वर होतं. तटावर हिंडलो, फोटो काढले, आणि दीडला दरवाज्याशी येऊन पाहतो तर वाट दिसेनाशी झालेली. चार पावलं टाकली तर लाट कमरेला लागली. पोहायची सवय सुटून वीस वर्षं झाली होती. घाबरून देवळात परतलो.

तिथं रेवदंड्याची एक म्हातारी कोळीण नवसाचा नारळ वाढवून निघायच्या तयारीत होती. माझ्या भिजलेल्या कपड्यांकडे बघून तिनं विचारलं, "इथं कोन हाय तुजं?" सकाळी बोललेलं खोटं जिभेवर तयार होतं, पण समोर मूर्ती होती. चौलला आत्या आहे, म्हणालो. "मंग इथं काय करतंस?" एवढंच ती बोलली. तिनं माझं मनगट धरलं आणि पाण्यात उतरली. कुठं खडक, कुठं खळगा, तिला पायांनीच कळत होतं. मध्ये पाणी छातीला आलं, तेव्हा मी पहिल्यांदाच काही न मागता देवाचं नाव घेतलं. किनाऱ्यावर आल्यावर तिनं मला आपल्याबरोबर रेवदंड्याच्या रिक्षात बसवलं आणि वाटेत चौलला उतरवलं. तिचं नावही मी विचारलं नाही.

चारच्या सुमाराला आत्याच्या अंगणात पोचलो. वहिनी, म्हणजे तिची सून, पुढे आली आणि हळूच म्हणाली की हल्ली सकाळचे तास-दोन तासच आत्याला आठवण असते, दुपारनंतर ती कुणालाच ओळखत नाही. आज सकाळी उठल्या उठल्या तिनंच वहिनीकडून मला फोन लावून घेतला होता. आत्या बसली होती त्या ओट्यापाशी मी गेलो. आत्यानं पदर सावरला आणि "या, बसा," म्हणाली. जन्मात तिनं मला अहो-जाहो केलं नव्हतं. कुठले तुम्ही, तिनं विचारलं. पुण्याचा, माझ्या तोंडून निघालं. तिचा चेहरा खुलला.

"पुन्याला माजा भाचा हाय. कामात असतो, म्हनून येत न्हाय. पन खोटं न्हाय बोलायचा कदी. भेटला तर सांगा, आत्या रागावली न्हाय म्हनावं."

सांगतो, म्हणालो. पाहुणा रडतोय म्हणून ती बिचारी गोंधळली आणि वहिनीला पोहे करायला सांगू लागली.

पुढच्या रविवारी पहाटेची गाडी धरून सकाळीच गेलो. तिनं ओळखलं नाही. त्यानंतरच्या रविवारीही नाही. फक्त एक सकाळ परत दे, म्हणून मी देवाला पुष्कळ दिवस विनवलं. ती मिळाली नाही, आणि आता मी मागत नाही. जी सकाळ मिळाली होती ती मीच घालवली. तरीही त्या दिवशी कुणीतरी मनगट धरून मला तिच्या दारात नेऊन सोडलं, आणि क्षमा मागायचं धाडस होण्याआधीच क्षमा माझ्या पदरात पडली. याबद्दल रोज हात जोडतो. घड्याळ बघत नाही.

दर महिन्याला चौलला जातो. पुण्याचे पाहुणे आले, असं म्हणून आत्या मला बसायला सांगते. मी तिला तिच्या भाच्याची खुशाली सांगतो. निरोप दिलात ना त्याला, ती विचारते. दिला, मी म्हणतो, तो फार रडला.